गाण्याखालचा आवाज

कोणी जुनी कॅसेट घेऊन आलं की नलूबाई नगराळे आधी पैशाचं बोलायची नाही, किती दिवस लागतील तेही सांगायची नाही. कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी करायची आणि विचारायची, "यातलं कोण गेलं?"

लोक बिचकायचे. बिचारा माणूस लग्नाच्या कॅसेटची सीडी करून न्यायला आलेला, आणि ही बाई सुतकाचं विचारते. पण तिचं म्हणणं साधं होतं. फीत जुनी, कुठं तुटेल त्याचा नेम नाही. मग गेलेल्या माणसाचा भाग आधी कॉम्प्युटरात उतरवून घ्यावा. जिवंत माणसांचं काय, ती उद्याही कॅमेऱ्यापुढे उभी राहतील.

ही अक्कल तिला कोणी शिकवली नव्हती. लग्न होऊन घाटंजीला आली तेव्हा नवरा धर्मपाल लग्नांच्या शूटिंगची कामं घ्यायचा, आणि नलू त्याच्यामागं हजार वॅटचा दिवा धरून उभी राहायची. मांडवातल्या बाया पदर तोंडाशी नेऊन हसायच्या, म्हणायच्या, बाईमानूस अन् लाईट धरते. धरते तर धरते, कोणाच्या बापाचं काय जाते? घरी आल्यावर दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंगही तीच करायची. पुढं सीडी आल्या, तशी एसटीनं रोज यवतमाळला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गात सारी विशीतली पोरं आणि ही अडतीस वर्षांची. मास्तरनं पहिल्या दिवशी विचारलं, "मावशी, कोणाची ॲडमिशन करायची आहे?" "माही," म्हणाली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. असली बाई.

दोन हजार सात साल. होळीला पंधरा-वीस दिवस असतील. कापसाला त्या वर्षीही भाव नव्हता. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. आढ्यापर्यंत गंजी, माणसं ओसरीत, आणि भाव चढायची वाट पाहता पाहता साऱ्या घराच्या अंगाला खाज. असाच घरभर कापूस भरून बसलेले सदाशिवराव एके सकाळी तिच्या दुकानात आले. घाटंजीजवळच्याच एका खेड्यातले, घरची शेती असलेले, मितभाषी गृहस्थ. सोबत बारावीतली मुलगी सुरभी. दुपट्ट्यात गुंडाळलेली कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली.

"यातलं कोण गेलं?" नलूबाईनं विचारलं.

"इची माय," सदाशिवराव म्हणाले. "कोकिळा. माह्या लहान्या भावाच्या लग्नातली कॅसेट हाय हे. त्याच्या दुसऱ्याच साली काविळीनं गेली."

तेव्हा सुरभी चार वर्षांची होती. कॅसेटमध्ये आई दिसायची. हळदीची परात घेऊन जाताना, वरमाईच्या मागं उभी राहून बोलताना. पण आवाज नाही. सगळ्या कॅसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. त्या काळी तसंच करायचे. मांडवातला गलका कोणाला हवा असतो? आई ओठ हलवायची आणि आवाज यायचा गाणारणीचा.

"काकू, मायचं तोंड मले माहीत हाय," सुरभी म्हणाली. "थे बोले कशी, थे नाही माहीत. बाबाले विचारलं तर म्हणतात, चांगली बोले. चांगली म्हणजे कशी?"

"कॉम्प्युटरात गानं काढून टाकता येते म्हणे," सदाशिवराव म्हणाले. "तेवढं गानं काढा अन् हिच्या मायचा आवाज राहू द्या."

"वरणात पडलेलं मीठ काढून दाखवा भाऊ, मग मी गानं काढून देतो," नलूबाई म्हणाली. तिकडं बायाही 'करतो', 'देतो' असंच बोलतात. बोलता बोलता तिनं कॅसेटचं झाकण उचललं आणि तिच्या कपाळाची शीर उडाली. आत पांढरे तंतू, फितीच्या काठाला बुरशी. "ठेवली कुठं होती हे?"

"कापसात."

"कायात?"

सदाशिवरावांनी सांगितलं. ओल लागली की कॅसेट खराब होते, असं कोणीतरी बाजारात म्हणालं होतं. म्हणून दिवाळीत घरात कापूस भरला तेव्हा त्यांनी ती गंजीच्या पार पोटात नेऊन ठेवली. कापूस सारी ओल पिऊन घेईल, वर मऊ गादीही मिळेल. लेकराला झोपवावं तशी ठेवली होती हो.

"सरकीचा कापूस गंजीत तापते, वाफ धरते, हे तुमाले मी सांगू?" नलूबाई कडाडली. "शेतकरी तुमी का मी? चार महिने वाफवली तुमी इले." सदाशिवराव खाली मान घालून उभे राहिले. मग तिची नजर कॅसेटच्या चिठ्ठीवर गेली आणि तिनं कॅसेट उजेडात धरली.

चिठ्ठीवरचं अक्षर तिचं होतं. एकोणीसशे त्र्याण्णव, मे महिना. ती गाणी तिनंच टाकली होती.

दुसरी एखादी असती तर तेवढं पोटात ठेवून मोकळी झाली असती. नलूबाईनं सरळ सांगितलं, "भाऊ, तुमच्या बाईचा आवाज मीच झाकला."

सदाशिवरावांनी दुपट्ट्याची घडी घातली. मग म्हणाले, "तुमी कायले मनाला लावून घेता? गानं टाका म्हणून मीच सांगतलं होतं. वरतून, चांगले गाने टाका म्हटलं होतं."

पण एक आशेची जागा होती. धर्मपालनं त्या वर्षी नवा कॅमेरा घेतला होता. त्यात आवाज दोन जागी उमटायचा, एक फितीच्या काठावर आणि एक चित्राच्याच खाली. वरून गाणं टाकलं की काठावरचा आवाज पुसला जायचा, चित्राखालचा तसाच राहायचा. साध्या व्हीसीआरला तो ऐकूच यायचा नाही. नलूबाईकडं तो ऐकणारा एक जुना व्हीसीआर होता. धर्मपालनं तीनदा भंगारात काढला आणि हिनं तीनदा घरात घेतला. तरी मेख होतीच. ही कॅसेट कॅमेऱ्यातून निघालेली मूळची असेल, तरच खाली आवाज असणार. कोऱ्या कॅसेटवर उतरवलेली नक्कल असेल तर खाली काहीच नाही, आणि मूळ कॅसेटवर त्यानंतर कोणाकोणाची लग्नं चढली असतील देव जाणे.

"त्या साली आपण नक्कल करत होतो का थेट गानं टाकत होतो?" तिनं धर्मपालला विचारलं.

"मे महिन्यात दिवसाला तीन लग्नं असत," धर्मपाल म्हणाला. "कोऱ्या कॅसेटी आणतो कुठून? पण म्या एखाद्या वेळेस नक्कल केली बी असन. मले काय आठवते बापा, सकाळची भाजी आठवत नाही."

चार दिवस तिनं दुसरं काम घेतलं नाही. कॅसेटचे स्क्रू काढले, दोन्ही चकऱ्या नव्या डबीत बसवल्या. चिमट्यानं एकेक तंतू ओढला. जुन्या बनियनचा मऊ तुकडा स्पिरिटात भिजवून फीत वीत-वीत पुसली. बोटाला तपकिरी भुकटी लागायला लागली, तेव्हा तिला कळून चुकलं. चित्र आणि आवाज याच भुकटीत असतात. ही फीत एकदाच चालेल. दुसऱ्यांदा लावली तर नुसती पट्टी उरेल.

एकदाच म्हणजे दीड तास सलग. आणि लाईन दिवसातून दहा तास जायची. फीत फिरताना मध्येच व्हीसीआर बंद पडला तर फीत आत अडकून तुटणार. तिनं सदाशिवरावांना निरोप धाडला, ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणा. शनिवारी सकाळी बॅटरी आली, मागून बापलेक आले. बॅटरीला इन्व्हर्टर, त्याला व्हीसीआर आणि कॉम्प्युटर. नलूबाईनं पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि दोघांना स्टुलांवर बसवलं. "काही झालं तरी मले बोलायचं नाही. मी मागं पाहणार नाही."

बटण दाबलं. पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा आल्या. मग मांडव आला आणि मांडवासोबत बँड आला, पोरांची ओरड आली, कोणीतरी 'अबे खुर्च्या लाव न' म्हणून ओरडला. गाणं नव्हतं; कॅसेट मूळचीच होती. कोरी कॅसेट वाचवायच्या धर्मपालच्या चिंगूसपणानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं भलं केलं होतं. नलूबाईला एवढा आनंद झाला की तिनं खुर्चीची कड घट्ट धरली.

पण कोकिळाबाईचा आवाज येईना. ती दिसायची, बोलायची आणि नेमका बँड वाजायचा. वरमाईच्या मागं उभी राहून बोलली, तर कॅमेरा लांब. परात घेऊन हसली, तर भटजीचा मंत्र मोठा. पाऊण तास गेला. तास गेला. आता पंगती आल्या, आणि पंगतीत कोकिळाबाई कुठंच दिसत नव्हती. मागं स्टूल कुरकुरलं. नलूबाईला कळलं, पोरीनं मान खाली घातली असणार. फीत आता संपत आली होती.

तेवढ्यात चित्रातला उजेड हलला. भिंतीवर सरकला, वर गेला, परत खाली आला. आणि कॅमेऱ्याच्या अगदी मागून, कानाशी बोलावं इतक्या जवळून एक बाई बोलली. "आन वं बाई, थो लाईट माह्या हातात दे. सकाळपासून उभी हायेस. बस अन् दोन घास खाऊन घे."

ते नलूबाईलाच म्हटलेलं होतं; दिवा धरून तीच उभी होती. कॅमेरावाल्यांना कोणी जेवायला बोलवायचं नाही. साऱ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं. आणि नलूबाईसारख्या बौद्ध वस्तीतल्या बाईच्या हातचं काही घ्यायला तर त्या काळी लोक मागं सरायचे. त्या एका लग्नात एका बाईनं दिवा स्वतःच्या हातात घेतला होता आणि हिला पाटावर बसवलं होतं. चौदा वर्षांत नलूबाईला पुरणपोळी आठवत होती. मागं सदाशिवरावांचं स्टूल आवाजासरशी सरकलं, आणि ती बाई कोण, हे आज कळलं. म्हणूनच ती पंगतीत दिसत नव्हती. ती दिव्यामागं होती.

आवाज काही गोड नव्हता. भरडा, वावरातून हाक मारायची सवय असलेला. पडद्यावर तीन वर्षांचं एक पोरगं फ्रॉक वर धरून दिव्याच्या वायरीवर नाचत होतं, आणि मागून तो आवाज चढला. "सुरभे, अवं वायर हाय तिथं. पडशीन. इकडं ये, माह्यापाशी ये."

दुकानातली सुरभी म्हणाली, "आली वं माय."

ठरवून म्हणाली नाही. हाक आली, ओ गेली. सतरा वर्षांच्या आयुष्यात कळत्या वयापासून 'माय' हा शब्द तिनं कोणाला हाक मारून म्हटला नव्हता. सदाशिवरावांचा हुंदका फुटला तो त्यांनी दुपट्ट्यात दाबला, कारण बोलायचं नाही असं बाईनं बजावलं होतं.

नलूबाईनं मागं पाहिलं नाही. फीत अजून फिरत होती. डोळे पुसायलाही हात मोकळा केला नाही. व्हीसीआरच्या तारेतून येणारा आवाज तेवढा कॉम्प्युटरात उतरत होता, आईची हाक अगदी स्वच्छ उतरली. लेकीची ओ कुठंच उतरली नाही. ती फक्त त्या तिघांनी ऐकली.