कोरा मेंढा

आमच्या माण तालुक्यात पाण्याची टंचाई असेल, सल्ल्यांची कधीच नव्हती. बारावीनंतर मला दोन्हीकडे प्रवेश मिळत होता, सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात आणि शिरवळला पशुवैद्यकीच्या. म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर ही बातमी पोचली आणि जो तो मला वाट दाखवू लागला. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणाले, इंटरमिजिएटला ए ग्रेड काय गुरं तपासायला मिळवलीस? विज्ञानाच्या बाईंनी चित्रकला हा छंद असतो, पोटापाण्याचा धंदा नव्हे, असं बजावलं. चुलत्यांनी दोघांचंही ऐकून निकाल दिला, "एक ना धड भाराभर चिंध्या हुत्यात बघ."

मला दोन्ही हवं होतं. हे मोठ्यानं म्हणायची मात्र लाज वाटायची, जेवणाच्या पंगतीत दोनदा ताट पुढं करावं तशी.

चित्रकला मला शाळेनं नाही, मेंढरांनी शिकवली. आम्ही मेंढपाळ. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं मेंढरं धुवून रंगवतात, वाजतगाजत पळवतात. कळपाच्या पुढं चालणारा मेंढा आधी रंगवायचा, मग बाकीची. त्याच्या पाठीवर काय काढलंय त्यावर घरादाराची हौस जोखली जाते. आमच्या घरात हे काम मी हाताला ब्रश धरता येऊ लागल्यापासून माझंच होतं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते मेंढा धरून बसायचे आणि मी काढायची.

विज्ञानही तिथंच भेटलं, तेही माझ्या आगाऊपणामुळं. दहावीच्या वर्षी कुणाच्या तरी दाराला लावून उरलेला ऑइल पेंट मला मिळाला. पाण्यात कालवलेल्या रंगापेक्षा तो झकास चमकत होता. मी एक नवं जन्मलेलं कोकरू शेपटीपर्यंत लालभडक करून टाकलं. सगळ्यांनी कौतुक केलं, फक्त त्याच्या आईनं केलं नाही. ते प्यायला गेलं की ती त्याला ढुशी मारून उडवायची. दुपारपर्यंत कोकराचा आवाज बसला आणि माझं तोंड उतरलं. शेवटी आईनं कातरीनं त्याची रंगलेली लोकर काढली, मेंढीचंच दूध पिळून त्याच्या अंगाला चोळलं आणि मेंढीचा पाय धरून त्याला प्यायला लावलं. संध्याकाळी ती त्याला चाटत होती.

सगळे विसरले, माझ्या डोक्यातून ते जाईना. मेंढी बिथरली ती रंगानं की वासानं? दुसऱ्या दिवशी मी एका कोकराला नुसता पाण्यातला रंग लावला. मेंढी दचकली, शेपटीशी हुंगलं आणि पाजू लागली. मग दुसऱ्याच्या शेपटीला, रंग न लावता, ऑइल पेंटात मिसळतात त्या टर्पेंटाइनचं बोट पुसलं. ढुशी! म्हणजे वास. मी आनंदानं ओरडले आणि तेवढ्यात आईचा धपाटा बसला. "कोकरं काय तुझ्या परयोगाला जल्मलीत व्हय गं?" मला धपाट्याचं काही वाटलं नाही. चांगलं चित्र जमल्यावर पोटात जे व्हायचं, तेच त्या क्षणी झालं होतं.

त्या एका क्षणाच्या जोरावर मी शिरवळला गेले. आबांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. एसटीत बसवताना एवढंच म्हणाले, "जा. हिकडचं हिकडं ऱ्हातंय."

मला ते खरं वाटलं नाही. शिरवळचा अभ्यास मला मनापासून आवडला, तिथं मी रमले, पण आतून धाकधूक असायची की आपला चित्राचा हात जाणार. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे मी इतके जीव लावून काढले की सरांनी जर्नल परत केलं: शेडिंग नको, नावं नीट लिही. आकृतीत कला दिसली की मार्क जातात, हे कळल्यावर मी सरळ रेघा मारायला शिकले. पहिली वर्षं पाडव्याला घरी जात होते, तेवढाच ब्रश हातात यायचा. इंटर्नशिपच्या वर्षी तेही गेलं. ऐन दिवाळीत दवाखान्यात ड्युटी लागली. घरी फोन केला तर आबा म्हणाले, "बरं." मी तो शब्द मनाला लावून घेतला. वाटलं, झालं, रंगवायला दुसरं कुणीतरी मिळालं असणार.

सुट्टी मिळाली तोवर आमची माणसं मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला उतरली होती. दिवाळीनंतर आम्ही तिकडं जातो. ऊस गेलेल्या रानात मेंढरं बसवतो, रानाला खत मिळतं, आम्हाला चारा. कऱ्हाडला एसटीतून उतरून चालत निघाले आणि मलकापूरच्या पलीकडं एका रानात कळप दिसला. मेंढरांवरचा रंग धुळीनं फिका झाला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, घंटा वाजवत, आमचा मोठा मेंढा. पांढरा. त्याच्या पाठीवर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"ह्याला का नाही रंगवलं?" मी विचारलं. आबा वळले. पालावर गेले, पिशवीतून रंगाच्या पुड्या आणि फडक्यात गुंडाळलेला माझा ब्रश काढला आणि मेंढा धरून खाली बसले.

मी रंगवू लागले. हात आखडला होता, पहिली वेल वाकडी गेली, मग सुटला. मधेच सवयीनं मी मेंढ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला रंग फिकट असला तर पोटात जंत रक्त पीत असतात. याचा चांगला लाल होता. माझ्या बोटांचा हिरवा रंग त्याच्या गालाला लागला आणि आबा हसले.

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "पाडव्याला समदी हसली ह्यास्नी. म्होरचा मेंढा कोराच पळवला. भावकी म्हनली, आवं, पोरगी आता डाक्टरीन हुनार, ती कशाला मेंढरं रंगवतीया? तवा म्हनलं ह्ये, ती डाक्टरीन व्हायला गेलीया, रंगवायचं सोडायला न्हाई."

आबांनी मान वर केली नाही. "शिंगं ऱ्हायली," म्हणाले.

आता मी सांगली जिल्ह्यात गुरांच्या दवाखान्यात नोकरी करते. ऐन सणात कुणाची तरी म्हैस अडतेच, त्यामुळं पाडव्याला घरी पोचायला कधी दुपार होते, कधी दोन दिवस जातात. लोकांनी हसायचं सोडून दिलंय. मेंढा कोरा उभा असतो.