तेवढंच पुढे

गाडीचं मागचं चाक काढून मेकॅनिकने ब्रेक पॅड माझ्या हातावर ठेवलं. झिजून नुसता पत्रा उरला होता.

"पण हँडब्रेक तर रोजच्यासारखाच लागतो," मी म्हणाले.

"लागणारच, ताई. पॅड जेवढं झिजतं, तेवढाच आतला पिस्टन स्क्रूवर फिरून पुढे येतो. फट वाढतच नाही, मग हाताला कळणार कसं?"

नवं पॅड बसवायला तो पिस्टन नुसता दाबून मागे जाईना. फिरवत फिरवतच न्यावा लागला. इतका पुढे आला होता, आणि मला पत्ता नव्हता. काहीच बदललेलं वाटत नाही, तेव्हाही आत काहीतरी पुढे सरकत असतं.

दुपारी वडिलांकडे गेले. अप्पा एकटेच राहतात. त्यांनी खाटेवरूनच सहज हात लांबवून तांब्या घेतला. तो पूर्वी स्वयंपाकघरात असायचा. रेडिओ खिडकीत असायचा, काठी दाराशी, आईचा फोटो समोरच्या भिंतीवर. आता सगळं खाटेभोवती दाटीने उभं होतं.

"अप्पा, हे सगळं इकडे कधी आणलंत?"

"कुठं काय आणलंय? होतं तिथंच आहे."

मी खुर्ची जवळ ओढायला गेले. ती आधीच खाटेला येऊन टेकली होती.