पुणे ते सोलापूर विमानानं, डावं चाक सांभाळत

पुण्याहून सोलापूरला विमानानं जायचं, हे मला सोडून सगळ्यांनी ठरवलं. माझा धाकटा भाऊ वसंता मुंबईला विमान चालवायला शिकला आणि कुठून तरी एक जुनं विमान घेऊन, प्रवासी नेण्याचा धंदाच करणार म्हणून हटून बसला. सोलापुरात आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, भुसाराचं अडत दुकान. त्यांनी त्याला एकच अट घातली. "अक्काला त्या यंत्रातून घरी आण. नीट उतरवलीस तर मी तोंड मिटलं. नाहीतर विमान विकायचं आणि मुकाट्यानं दुकानात बसायचं." अक्का म्हणजे मी, पुण्याला दिलेली. माझं मत आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

बाईमाणूस एकटं नको, म्हणून अण्णांनी सोबतीला गणूमामांना आगगाडीनं पुण्याला धाडलं. गणूमामा आमच्या दुकानाचे जुने गाडीवान. बैलगाडीतून मला पहिल्यांदा सासरच्या वाटेला लावलं ते त्यांनीच. ते आले ते खांद्यावर घोंगडी, हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं, आणि घोंगडीखाली काहीतरी लांबट लपवलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय ताईसाब, आपलं असू द्यावं."

ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी सांगते. भाडं आगगाडीच्या पहिल्या वर्गापेक्षा जास्त आहे आणि त्यात चहासुद्धा मिळत नाही. कानात कापूस घाला, अंगावर शाल घ्या, आणि पोटात फार काही घालू नका. प्रवासी पुढं एका लाकडी खोक्यात बसतात, चालवणारा त्यांच्या मागं उघड्यावर. मध्ये हातभर खिडकी असते, तिच्यातून तो ओरडतो आणि आपण "काय?" म्हणतो.

सकाळी निघालो. भीमेचं पात्र वरून फार सुंदर दिसलं असं वसंतानं नंतर सांगितलं. माझे डोळे मिटलेले होते. करमाळ्याला पेट्रोलचे डबे आधीच पाठवलेले, म्हणून तिथं उतरलो. उतरताना विमान डावीकडं असं काही बसलं की मी गणूमामांच्या मांडीवर गेले.

वसंता खाली वाकून बघायला लागला. विमानाच्या पायाला धक्का सोसायला रबराचा जाड दोर गुंडाळलेला असतो. डाव्या पायाचा दोर सैल पडला होता. "काल तर घट्ट होता की!" असं पुटपुटत त्यानं तो पुन्हा ओढून बांधला. तोवर आम्ही टांग्यानं गावात जाऊन कमळाभवानीचं दर्शन घेतलं. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. देवळापर्यंत पोचलो तेव्हा माझं काळं लुगडं कोणत्या रंगाचं होतं हे देवीलाच ठाऊक. परत आलो, तर गणूमामा मला खोक्यात चढवून "आलोच" म्हणाले आणि विमानाच्या डाव्या बाजूला क्षणभर दिसेनासे झाले. वयोमानानं लागत असेल, म्हणून मी तिकडं पाहिलं नाही.

बार्शीला आमची आत्या. "माझ्या दारावरून वरच्यावर गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस," असा तिचा निरोप होता, त्यामुळं बार्शी चुकणार नव्हती. तिथं उतरताना डावा पाय आणखी बसला आणि पंखाचं टोक ज्वारीच्या धाटांवरून घासत गेलं. आत्यानं आधी विमानाला ओवाळलं, मग आम्हाला, आणि मग हुरड्याचं ताट पुढं ठेवलं. वसंतानं एक दाणा तोंडात टाकला नाही. चाकाशी बसून त्यानं होता नव्हता तो शेवटचा नवा दोर बांधला.

"अक्का, हे पुन्हा झालं तर अण्णा जिंकले," तो म्हणाला. लहानपणी पतंग कापला गेला की तो असाच बसायचा.

बार्शी सोडली आणि थोड्याच वेळात गणूमामांनी बाजूच्या खिडकीतून खाली बोट दाखवलं. "ताईसाब, चाक लोंबतंय की."

लोंबत होतं. मी ओरडून वसंताला सांगितलं. त्यानं डोकं बाहेर काढून पाहिलं. तेवढ्यात गणूमामांनी मला धीर द्यायला माझा हात धरला, आणि खोक्यात एरंडेलाचा भपकारा आला. त्यांचे हात कोपरापर्यंत तेलकट होते. मी घोंगडी ओढली. खाली बांबूची नळी, बैलगाडीच्या आसाला वंगण घालायची.

"मामा, तुम्ही चाकाला तेल घातलं?"

"मग? पुण्याला घातलं, करमाळ्याला घातलं, बार्शीला घातलं. घरची लेक गाडीत बसायची आन् चाक कोरडं? ह्या पोरानं गाडी घेतली, पर वंगणाची नळी न्हाय ठेवली. उजवीकडं बघ्यांची लई गर्दी, म्हून डावंच झालं."

ते तेल वर दोरालाही लागलं होतं, त्यानंच रबराचे वेढे निसटत होते. मी ओरडून वसंताला सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "उतरताना दोघं उजवीकडं व्हा, आणि जमेल तितकं मागं! तोंडावर पडायला नको!"

"उलाळ करायची म्हणा की!" गणूमामा एकदम खुलले. "घाटात गाडी पुढं जड झाली की माणसं मागं सारत्यात, तसंच. बसा ताईसाब, मला टेकून."

सोलापूरच्या मैदानावर ही गर्दी! अण्णांचा पांढरा फेटा मला वरूनच दिसला. वसंतानं विमान उजव्या चाकावर टेकवलं आणि एका पायावर जमेल तितकं पळवलं. मग डावी बाजू खाली बसली, आम्ही गिरकी घेतली, पंखाचं कापड टर्रकन फाटलं, आणि सगळं थांबलं. मी रडत होते. लाज कसली त्यात?

अण्णा आले. आधी मला नखशिखांत पाहिलं, मग चाकाला. "हे कसं झालं?"

"दोर मी नीट बांधला नाही," वसंता म्हणाला.

"खोटं बोलतंय पोरगं," गणूमामा मध्ये पडले. "म्या वंगण घातलं, मालक. त्यानंच दोर सुटला. तुमीच म्हणला हुता न्हवं, पोरगी बसणार हाय, चाक कोरडं ठिवू नगंस म्हून?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, वसंताकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं.

पुण्याला मी आगगाडीनं परतले. लुगड्यावरचा एरंडेलाचा डाग अजून निघाला नाही. हा प्रवास करावा का, असं बायका मला विचारतात. करा, पण सोबतीच्या माणसाची घोंगडी आधी झाडून घ्या.

वसंता आता नियमानं प्रवासी नेतो. विमानाविषयी अण्णांनी त्या दिवसानंतर चकार शब्द काढलेला नाही. फक्त वसंता निघायचा असला की ते गणूमामांना घेऊन मैदानावर येतात, डाव्या पायाशी वाकतात, दोर बोटांनी चाचपतात, कोरडा आहे ना ते पाहतात, आणि मगच बाजूला होतात.