सालींवरचं तांबं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या विद्यार्थिनीला ज्या पेपरवर परदेशात पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा मिळाली, त्यातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. तिला ते माहीत नाही. मला पहिल्यापासून माहीत आहे.

मी जालन्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मोसंबीच्या साली भट्टीत जाळून कार्बन करायचा आणि त्यात वीज किती साठते ते मोजायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. साली मीच आणल्या, बदनापूरजवळच्या आमच्या बागेतून. बाग थोरला भाऊ बघतो. पोतं उघडताच तिनं विचारलं, "सर, यावर काही फवारलंय का?"

आमच्याकडं घरच्या फळाबद्दल असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पाहुण्यांना देतो तेच तिला दिलं, "न्हाई न्हाई, घरचा माल आहे." आठवडाभर आधीच भावानं मोरचूद-चुना, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, मारला होता. देठापाशी निळसर डाग मला दिसत होते.

कार्बननं अपेक्षेहून कितीतरी जास्त वीज साठवली. बाहेरच्या प्रयोगशाळेच्या अहवालात तांबं दिसलं, तेव्हा ती धावत केबिनमध्ये आली. मी म्हणालो, "सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तांब्याच्या जाळीवर ठेवून बघतात. जाळीचं असेल ते." असं खरंच होतं, म्हणून तिला पटलं. पण ही जादाची वीज मोरचुदातल्या तांब्याची होती. माझ्या नावावरही तो पहिलाच मोठा पेपर होता. मी गप्प बसलो.

आता तिचं नाव फोनवर दिसलं की मी तो वाजू देतो. परवा उचलला.

"सर, इथल्या सालींच्या कार्बनला तो आकडा काही येईना. कवापासून करून राह्यले. माझाच हात बिघडला का काय?"

"होतं असं कधी कधी."

"इथले सर म्हणले, महिनाअखेर जमलं न्हाई तर नोकरीचं पुढचं वर्ष मिळणार न्हाई. आपल्या बागेच्या साली वाळवून पाठवता का? आणि माझ्या बाबांना बोलू नका हं, ते माझं कौतुक वाटूर गावभर सांगत सुटलेत."

"पाठवतो," म्हणालो.

बागेत गेलो. साली परदेशी पाठवायच्यात म्हटल्यावर भाऊ हसला. "का रे, साहेबाच्या देशात बी आपलीच मोसंबी लागती का? बोल, फवारलेली देऊ का बिगर फवारलेली?"

त्यानं सहज विचारलं होतं. फवारलेल्या दिल्या तर आकडा येईल, तिचं वर्ष वाचेल, मीही वाचेन. मग एक दिवस तिथं कुणीतरी तांबं शोधेल आणि लबाडी तिच्या नावावर लागेल. बिगर फवारलेल्या दिल्या तर ती स्वतःलाच दोष देत परत येईल.

"उद्या सांगतो," म्हणून गाडीला किक मारली.

अजून साली पाठवल्या नाहीत, पत्रही नाही. तिला, तिच्या तिथल्या सरांना आणि पेपर छापणाऱ्या संपादकांना माझ्या सहीनं एवढं लिहून द्यायचं माझ्याकडं राहिलं आहे : साली फवारलेल्या होत्या, मला ठाऊक होतं, तिला नव्हतं.