पायपुसण्याचा वाटेकरी

खाजाभाई गेल्याची बातमी मला डॉक्टरांनी दिली, आणि सगळ्यात आधी मला तेच खुपलं. रविवारची सकाळ होती. मी बूट घालून, टोपी चढवून ओट्यावर बसलो होतो. दर रविवारी पहाटेची फजरची नमाज आटोपून खाजाभाई स्कूटरवर यायचे, फाटकाबाहेरूनच हॉर्न वाजवायचे आणि मग आम्ही दोघं बापूंच्या माळावर गोल्फ खेळायला जायचो. धाराशिवात गोल्फ म्हटलं की लोक हसतात. हसू देत. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही, फोन वाजला. "मास्तर, खाजाभाई गेले. मी त्यांच्या घरूनच बोलतोय," आमच्याबरोबर खेळणारे डॉक्टर म्हणाले. माणूस गेल्याचं दुःख आत उतरायला वेळ लागतो... त्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की डॉक्टर तिथं माझ्याआधी पोचले कसे? माझं घर पलीकडच्या गल्लीत, त्यांचं पार गावाबाहेर. मग बोलावणं त्यांना का? वाचणाऱ्याला हे कसंसंच वाटेल, पण खरं ते सांगतो, मी जळलो. तसाच बुटावर त्या घराकडं निघालो आणि वाटभर जळतच गेलो.

खाजाभाई जमीन मोजणीच्या खात्यात होते. सारा जिल्हा त्यांनी पायाखाली घातलेला. बांधावरून डोकी फुटायची वेळ आलेले भाऊभाऊ त्यांनी खुणा रोवल्या की गुमान घरी जायचे, असा त्यांचा लौकिक. त्यांच्या मुलाला मी शाळेत भूगोल शिकवला, तिथून आमची ओळख. त्यांचे मेहुणे सिकंदराबादेत लष्करी छावणीत नोकरीला होते. तिथल्या कुणा साहेबानं टाकून दिलेल्या गोल्फच्या काठ्या त्यांनी एका ईदला खाजाभाईंना आणून दिल्या. दुसरा कुणी असता तर त्यानं त्या काठ्यांवर दोडक्याचे वेल चढवले असते. खाजाभाईंनी मात्र निवृत्त झाल्याबरोबर बापूंकडं माळ मागितला. बापू म्हणजे आमचे तिसरे गडी. तुळजापूर रस्त्याला त्यांची मोठी शेती आणि तिच्या टोकाला कुसळांशिवाय काही न उगवणारा मुरमाड माळ. खाजाभाईंनी तो सवयीनं मोजला, जागोजाग तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरले आणि प्रत्येक डब्यापाशी काठी रोवून लाल फडकं बांधलं. लांबून चेंडू मारत मारत त्या डब्यात घालायचा, एवढाच खेळ.

पहिल्याच नवरात्रात गंमत झाली. तुळजापूरला पायी निघालेल्या बायांनी लाल फडकं बघून वाट वाकडी केली आणि डब्यापाशी हळदीकुंकू वाहून नारळ फोडला. खाजाभाईंनी खोबऱ्याचे तुकडे उचलून आम्हाला वाटले आणि पुढच्या वेळेपासून फडकं हिरवं लावलं. तर उरुसाच्या दिवसांत कुणीतरी तिथं फुलांची चादर घालून उदबत्त्या लावून गेलं. "मास्तर, आता करावं काय ओ? माळावर भोक पाडलं तरी लोक हात जोडतेत," असं म्हणत ते मुरमात बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. शेवटी बापूंचं जुनं धोतर फाडून पांढरी फडकी लावली, तेव्हा कुठं आमच्या डब्यांना निवांतपणा मिळाला.

आता पायपुसण्याचं सांगायला हवं. मुरमावर ठेवलेला चेंडू मारायला गेलं की काठी दगडावर आपटायची, मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. त्यावर खाजाभाईंनी तोड काढली. घरच्या दारातलं काथ्याचं पायपुसणं ते गुपचूप उचलून घेऊन आले. चेंडू जिथं पडेल तिथं पायपुसणं अंथरायचं, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. बापूंनी स्वतःपुरता पोत्याचा तुकडा आणला. मीही काहीतरी आणू शकलो असतो. पण खाजाभाई म्हणाले, "एक हाय की दोघांत. दुसरं कशाला?" त्यामुळं झालं असं, की त्यांचा चेंडू ओढ्याकडं गेला तर मलाही ओढ्याकडं जावं लागायचं आणि माझा बाभळीत शिरला की ते बाभळीत. कधी पायपुसणं त्यांच्या खांद्यावर, कधी माझ्या काखेत. बापू केव्हाच खेळ संपवून शेडमध्ये चहा टाकायचे आणि आम्ही दोघं अजून माळावर या टोकाहून त्या टोकाला. मुलांच्या नोकऱ्या, माझ्या बायकोचं ऑपरेशन, त्यांच्या धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं... सगळं त्या येरझाऱ्यांत बोलून झालं. माझ्या आयुष्यात इतकं कुणी माझ्याबरोबर चाललेलं नाही.

आणि मग डॉक्टर आले. पुण्यातला दवाखाना आवरून ते गावी परतले ते गोल्फचं चाकाचं दप्तर घेऊनच. चकाकत्या काठ्या, एका हातात पांढरा मोजा, आणि स्वतःची हिरवीगार प्लॅस्टिकच्या गवताची चटई. माणूस सज्जन, बोलायला गोड. तेच तर दुखणं होतं. उर्मट असते तर मी त्यांना सुखानं नावं ठेवली असती.

दूरदेशी खेळायला जायचं खूळ मात्र खाजाभाईंचं, आणि डॉक्टर यायच्या आधीपासूनचं. हा खेळ स्कॉटलंडात समुद्राकाठच्या मेंढ्यांच्या कुरणांवर सुरू झाला, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "म्हंजे तितं बी पहिल्यांदा माळच व्हता की! मास्तर, एकदा त्यो माळ बघायचा," ते म्हणायचे. भूगोल माझा विषय. मी शाळेतला जुना नकाशा आणला, वारे कुठून वाहतात, पाऊस कधी पडतो, सगळं समजावलं. बापूंची सोयाबीनची पेरणी उरकल्यावर निघायचं, हेही मीच सुचवलं. बापूंना काळजी जेवणाची. "तितं भाकर मिळंल का न्हाय कुणास ठावं, मी कडक भाकऱ्या आन शेंगाची चटणी बांधून घेणार. लई दिस टिकत्या," असं त्यांनी जाहीर केलं. पासपोर्टच्या फोटोसाठी आम्ही तिघं एकाच दिवशी गेलो आणि तिघांचेही फोटो पळून गेलेल्या आरोपीसारखे आले. ते दिवस माझे होते. मग एका रविवारी डॉक्टर सहज म्हणाले, "मी दोनदा जाऊन आलोय तिकडं." माझा नकाशा तिथंच गुंडाळला गेला. विमान कुठलं, व्हिसाला काय लागतं, कुठल्या गावात उतरायचं... खाजाभाईंचं तोंड जे डॉक्टरांकडं वळलं ते वळलंच. चौघांचा गट खेळायला बरोबर असतो, असंही डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तिघं होतो तेव्हा काय वाईट होतं, हे मी विचारलं नाही.

निघण्याआधी खऱ्या गवतावर खेळून बघावं, म्हणून डॉक्टरांच्या ओळखीनं पुण्याजवळच्या एका मैदानावर गेलो. जन्मात इतकं गवत मी एका जागी पाहिलं नव्हतं. खाजाभाईंनी खिशातून चेंडू काढला, माझ्या काखेतलं पायपुसणं घेतलं आणि त्या मखमली हिरवळीवर छान झटकून अंथरलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली. डॉक्टर हळूच म्हणाले, "खाजाभाई, इथं त्याची गरज नाही." पायपुसणं उचललं, आणि आमची फजिती सुरू झाली. कित्येक वर्षांत आम्ही तिघांनीही खाली काही अंथरल्यावाचून एक चेंडू मारला नव्हता. बापूंनी मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब उडवलं. माझी काठी हवेतच फिरली. खाजाभाईंचा चेंडू जागचा हलेना, तेव्हा डॉक्टर त्यांच्या मागं उभे राहिले, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवावं तसं शिकवू लागले. जरा वेळानं चेंडू उडाला. काय उडाला! खाजाभाईंनी वळून डॉक्टरांना मिठी मारली. मी पायपुसण्याची गुंडाळी काखेत धरून उभा होतो. गवताच्या देशात मला काही काम उरणार नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

परतीच्या वाटेवर खाजाभाई माझ्याशेजारी मागं न बसता पुढं डॉक्टरांशेजारी बसले. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हाही त्यांचं चेंडूचंच कौतुक चाललं होतं. आणि पुढच्या रविवारी बापूंच्या शेडमध्ये त्यांनी तो निकाल सांगितला. "हॉटेलात खोल्या दोन. एकीत मी आन डॉक्टर. मास्तर, तुमी बापूसंगं." बापू घोरायला लागले की गोठ्यातली जनावरं दावं ओढतात. पण घोरण्याचा प्रश्नच नव्हता. मी "बरं" म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "अहो, घरात सवत आल्यासारखं तोंड कशाला करून बसलाय?" तिनं थट्टा केली, पण शब्द अचूक होता.

मी माळावर जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. तर खाजाभाई एका संध्याकाळी घरी आले. ओट्याच्या पायऱ्या चढून आले तेव्हा दम लागला होता, आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "मास्तर, बापू परदेशात बावरंल ओ. त्याला सांबाळायला तुमीच पायजे." मी म्हणालो, "आणि तुम्हाला सांभाळायला डॉक्टर?" ते हसले आणि म्हणाले, "व्हय, असंच समजा." पुढच्या रविवारी हॉर्न वाजल्यावर मी निमूट बाहेर आलो. गुडघ्याचं त्यांनी विचारलं नाही.

दफनविधी आटोपून कबरस्तानातून परतताना डॉक्टर माझ्याबरोबर चालत होते. त्यांनी मग सांगितलं. थंडीपासूनच खाजाभाईंचं हृदय थकलं होतं. तपासण्या डॉक्टरांनीच करून घेतल्या होत्या. इतक्या लांब जाऊ नका, असंही सांगून पाहिलं होतं. "ऐकेनात. मग मीच म्हटलं, निदान रात्री माझ्या खोलीत झोपा. आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. म्हणाले, मास्तरला कळलं तर तो ट्रिप मोडंल." मोडलीच असती. पासपोर्ट चुलीत घातले असते. असं ऐकल्यावर माणसाचा राग निवळावा, मन भरून यावं, असं लोक म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. खोलीचं कोडं सुटलं, पण आग वाढली. इतक्या वर्षांच्या येरझाऱ्या माझ्याबरोबर, आणि जिवाची गोष्ट यांना? मला दुखणं सांगितलं असतं तर मीही रात्रभर जागा राहिलो असतो. डॉक्टर नसेन, पण जागता आलं असतं मला.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभींनी, खाजाभाईंच्या बायकोनं, मला बोलावलं. खाजाभाईंनी प्रवासाची बॅग त्या शेवटच्या आठवड्यातच भरून ठेवली होती, ती उघडायचा त्यांना धीर होत नव्हता. आम्ही दोघांनी ती उघडली. वर स्वेटर, कानटोपी, नमाजासाठीची जानमाज. त्याखाली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं, पायपुसणं. मधोमध झिजून काथ्या उडालेलं, एका कोपऱ्याला बाभळीचा काटा तसाच रुतलेला. पुण्याला स्वतःच्या डोळ्यांनी गवत बघून आलेला माणूस ते गवताच्या देशात घेऊन निघाला होता. भाभी म्हणाल्या, "हे कशाला नेत होते ओ तिकडं?" मला माहीत होतं कशाला. दोघांत एक. मी ते उचलून काखेत धरलं आणि म्हणालो, "भाभी, हे मला देता?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मी दचकलो. "माझं हाय ते. माझ्या दारातून उचलून नेलं होतं. मी विचारलं तर म्हणायचे, मास्तरला लागतंय. दर इतवारी पहाटंच तुमच्याकडं निघायचे. मी नाश्ता झाकून बसायची. दुपारी यायचे ते तुमच्याच गोष्टी सांगत... लई राग यायचा तुमचा." त्या रडत नव्हत्या, माझ्याकडं रोखून बघत होत्या. ती नजर मी ओळखली. आरशात रोज तीच बघत होतो. माझा कुणी इतका हेवा केला असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पायपुसणं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते पूर्वी होतं तिथं, दारात टाकलं. आता त्या घरी गेलो की मी चपला काढतो आणि पायपुसणं ओलांडून आत जातो. स्कॉटलंडचं बापू अजून विचारतात, आम्ही अजून ठरवलेलं नाही. माळावर जातो. मी दुसरं पायपुसणं आणलंय, आणि ते एकट्याचं असल्यामुळं माझा खेळ लवकर संपतो.

गेल्या रविवारी परतताना डॉक्टर म्हणाले, भाभींना भेटून येऊ. ते पुढं, मी मागं. दारात त्यांनी बूट काढले आणि पावलं त्या पायपुसण्यावर चांगली घासून पुसली. आधी एक, मग दुसरं. त्यांच्या स्वतःच्या हिरव्या चटईमुळं त्यांनी आमचं पायपुसणं कधी नीट पाहिलंच नव्हतं, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी मान वर केली तर आतल्या दारात भाभी उभ्या, आणि त्याही तिकडंच बघत होत्या. आमची नजरानजर झाली. चहा झाला, डॉक्टर गाडी काढायला बाहेर गेले. भाभी कप उचलता उचलता खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "उद्यापासून ते मी आत ठेवते."