जंजिऱ्याला मी वारले तेव्हा

बदलापूरच्या कात्रपमध्ये आजही एक-दोन म्हाताऱ्या मला बघून दचकतात, कारण एका दिवाळीच्या सुट्टीत मी मुरूडच्या समुद्रात बुडून मेले होते.

मंगल, रेखा आणि मी, खरवईच्या एका शाळेत शिकवणाऱ्या तिघी मैत्रिणी. नवरे, पोरं, सासवा सगळं घरी ठेवून एक दिवस जंजिरा बघून यायचं, असं आम्ही ठरवलं. मंगल इतिहास शिकवायची आणि तिनं जन्मात एकही किल्ला पाहिला नव्हता. (वर्गात मात्र सगळ्या तोफा हिनंच ओतल्यासारखी बोलायची!) पहाटे बदलापूरहून जीप निघाली. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात पहिल्या पाळीला जाता जाता म्हणाले, "पाण्याजवळ जाऊ नकोस हां." आता सांगा, किल्ला समुद्रात!

राजपुरीहून शिडाच्या होडीनं गेलो. किल्ला पाहिला, तटावर बसून डबे खाल्ले, तोफेला टेकून फोटो काढले. परतायच्या वेळी मात्र वारा सुटला. दरवाज्याच्या पायऱ्यांशी होडी काही स्थिर राहीना. वर यायची, खाली जायची, दगडावर आपटायची, पुन्हा लांब सरकायची.

"ताई, मी सांगीन तवाच पाय टाका!" नावाडी ओरडला.

तो सांगेपर्यंत थांबले तर मी कसली! पाय टाकला. तिथे होडी नव्हती.

बुडताना म्हणे माणसाला सगळं आयुष्य दिसतं. मला फक्त होडीचं बूड दिसलं. हिरवं, बुळबुळीत आणि माझ्याच अंगावर येणारं! मागे दगडी पायरी. डावा पाय दोन्हींच्या मध्ये सापडला आणि हाड मोडलं. तो आवाज मी पाण्याखाली ऐकला. कधीकधी अजूनही ऐकू येतो.

डोकं वर आलं तशी मंगलनं वाकून माझा अंबाडा पकडला. बाईचं धाडस मोठंच. पण टायफॉइडनंतर माझे केस गेले होते आणि तो अंबाडा होता गंगावनाचा. (ही गोष्ट मी मैत्रिणींपासूनही लपवली होती!) केस मंगलच्या हातात राहिले आणि मी पुन्हा खाली. मंगलनं अशी किंकाळी फोडली की होडीतल्या लोकांना वाटलं, हिच्या हाती मुंडकंच आलं! एक गृहस्थ जागीच बेशुद्ध पडले. नावाड्यानं उडी मारून मला वर ओढलं, तेव्हा निम्मी होडी त्या गृहस्थांना वारा घालत होती.

काठावर आल्यावर रेखा मला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि मंगल फोनच्या बूथवर धावली. घरी फोन उचलला सासूबाईंनी. त्यांना कमी ऐकू यायचं.

"मावशी, उज्ज्वला पाण्यात पडली! मी धरायला गेले, तर नुसते केस हातात आले!"

"केस? पोलीस केस झाली?"

"केस, मावशी, केस!"

तेवढ्यात लाइन गेली. मंगल रडतच डॉक्टरांकडे आली, म्हणाली, "कळवलं गं सगळं!"

सासूबाईंनी शेजारच्या निकमकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोलीस केस म्हणजे संपलंच की हो." कारखान्यात निरोप गेला. आमचे हे तशाच कपड्यांत मित्राच्या गाडीनं मुरूडला निघाले. आम्ही डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा घरी फोन लावत होतो, पण तो सारखा एंगेज. लागणार कसा? माझ्याच मरणाचे फोन चालले होते!

संध्याकाळी प्लास्टर घातलेला पाय घेऊन मी कात्रपला पोहोचले. दारात चपलांचा ढीग. जीपच्या ड्रायव्हरनं आणि वॉचमननं मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. घरात मेणबत्ती लावलेली, पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसलेल्या, बुद्धवंदना चाललेली. निकमकाकू तर हुंदके देऊन सांगत होत्या, "किती मायाळू पोरगी!" (आदल्याच आठवड्यात आम्ही नळाच्या पाण्यावरून भांडलो होतो.)

मी विचारलं, "अहो, कोण गेलं?"

सासूबाईंनी वर बघितलं. "तू!" म्हणाल्या आणि मला मिठी मारून इतक्या रडल्या, इतक्या रडल्या की माझ्या पायाचं दुखणं मी विसरले.

गंमत इथंच संपायला हवी होती, पण आमचे हे अजून तिकडेच होते. मुरूडला त्यांनी विचारलं, "समुद्रात पडलेली बाई कुठे आहे?" कुणीतरी सांगितलं, अलिबागला सरकारी दवाखान्यात नेली. ती दुसरीच होती बिचारी, त्याच दिवशी दुसरीकडे कुठे बुडालेली.

ते सकाळी परतले. मला बघून चपलांसकट आत आले आणि माझ्याजवळ बसले.

म्हणाले, "चादरीबाहेर पाय होते. जोडवी तुझ्यासारखीच. मी चादर काढू देईना त्यांना. म्हटलं, थोडा वेळ थांबा." मग म्हणाले, "तिचं कुणीच आलेलं नव्हतं गं. तू नाहीस हे कळल्यावरही मला उठवेना. तिचा भाऊ येईपर्यंत बसून राहिलो."

मी रडायला लागले. त्यांचा हात धरून विचारलं, "चादर काढल्यावर लगेच कळलं तुम्हाला, मी नाही ते?"

"लगेच."

"चेहऱ्यावरून?"

"नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "तोंड मिटलेलं होतं."

आणि अहो, रडता रडताच मी जे तोंड उघडलं, ते दुपारपर्यंत मिटलं नाही!