चार कार्डांचा वेग

तापलेल्या कॉम्प्युटरचा, धूळ करपल्यासारखा वास आला की मला मोखाड्यातलं छातीच्या तपासणीचं ते शिबिर आठवतं आणि राग येतो. मी तिथे मदतीला होतो. एका कंपनीने एक्स-रे पाहून आजार ओळखणारं यंत्र आणलं होतं. त्यात चार ग्राफिक्स कार्डं होती. ढीगभर एक्स-रे एकदम दिले की ती काम वाटून घेत आणि क्षणात निदान देत. हा वेग उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा होता, म्हणून सकाळपासून काढलेले एक्स-रे यंत्राला दिलेच नव्हते. सूर्यमाळकडची एक बाई धापा टाकणाऱ्या नवऱ्याला सावरत भिंतीशी बसली होती. "दादा, फोटू तं सकालीच काढला, मशीन निजलाय का?" तिने विचारलं. "मावशी, एकेक दिला तर त्यात मजा काय?" कंपनीचा इंजिनिअर हसून म्हणाला. उन्हं कलल्यावर पाहुणे आले, नारळ फुटला, यंत्राचे पंखे घोंगावले, तो करपट वास सुटला आणि सगळे निकाल एकदम पडद्यावर उमटले. टाळ्या पडल्या. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे लाल अक्षरांत होतं, आजच मोठ्या दवाखान्यात न्या. मोठा दवाखाना जव्हारला, आणि तिकडची शेवटची जीप तोवर निघून गेली होती. "एवढा बेगीन होतं, तं सकाली का नाय केला?" ती म्हणाली. इंजिनिअर पाहुण्यांना कार्डं दाखवण्यात गुंतला होता. शेवटी बाजारातून परतणारा एक टेम्पो थांबवून आम्ही त्या दोघांना जव्हारला धाडलं. आता कुणी निदानाचा वेग सांगू लागलं, की मी एवढंच विचारतो, घड्याळ कधी सुरू केलंत?